कॉन्सुएलोचं लग्न: न्यूयॉर्क, ६ नोव्हेंबर १८९५

सांजवात (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९:४०

गेले दोन महिने मी एका लग्नाच्या मागे लागले आहे. सव्वाशे वर्षांहून जुनं, परक्या देशातलं, आपल्या कुणाच्या नात्यातलं नाही. तरीही मनातून जात नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

नवरी कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, वय अठरा. पणजोबा कमोडोर कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी आधी बोटींवर आणि मग रेल्वेवर अफाट पैसा केला. १८७७ साली ते वारले तेव्हा मागे सुमारे दहा कोटी डॉलर होते, आणि तिच्या आजोबांनी आठ-नऊ वर्षांत त्याचे जवळपास वीस कोटी केले. नवरदेव चार्ल्स स्पेन्सर-चर्चिल, मार्लबरोचा नववा ड्यूक, वय चोवीसला आठवडा कमी. पदवी मोठी, ब्लेनिमसारखा राजवाडा, आणि तो राजवाडा सांभाळायला पैसा नाही. म्हणजे एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला घराणं. अशी सोयरीक आपल्याला सांगून समजवायला नको.

लग्न फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट थॉमस चर्चमध्ये झालं. चर्चबाहेर ही गर्दी, पोलीस तैनात, आत फुलांच्या माळा, वॉल्टर डॅमरॉशचा वाद्यवृंद, विधी करायला बिशप. नवरीच्या पांढऱ्या सॅटिनवर ब्रुसेल्सच्या लेसचे थरावर थर. त्याआधी कित्येक दिवस वर्तमानपत्रं नवरीच्या कपड्यांचं वर्णन छापत होती, पार आतल्या कपड्यांपर्यंत. मोज्यांच्या बंधांना सोन्याच्या चापा आणि त्यांत हिरे आहेत, असंही छापून आलं. आपल्याकडे रुखवत मांडतात तेव्हा निदान त्यात मुलीच्या हातचं काहीतरी असतं. इथे मुलीच्या अंगावरचे कपडे साऱ्या शहरापुढे मांडले गेले, आणि ते वाचून आपल्याला किती शरम वाटली हे तिने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

नवरी वीस मिनिटं उशिरा आली. लोकांना वाटलं, नटण्यात वेळ गेला असेल.

प्रत्यक्षात ती सकाळपासून खोलीत एकटी रडत होती. दाराबाहेर एक नोकर उभा केला होता. कुणालाही आत सोडायचं नव्हतं, तिच्या जिवाभावाच्या शिक्षिकेलासुद्धा नाही. वडील न्यायला आले तेव्हा डोळे इतके सुजले होते की ओल्या स्पंजने चेहरा पुसून ती माणसांत येण्याजोगी होईपर्यंत वीस मिनिटं गेली. ही ती वीस मिनिटं.

हे लग्न घडवलं तिच्या आईने. आल्वा नाव. अलाबामातल्या मोबाइल गावची, लग्नाआधी घरची परिस्थिती उतरत गेलेली, विलक्षण हुशार आणि हट्टी बाई. न्यूयॉर्कचा जुना प्रतिष्ठित वर्ग व्हँडरबिल्टांना उपरे समजायचा. आल्वाने मार्च १८८३ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या नव्या घरात वेशभूषेचा नाच ठेवला, असा की आमंत्रण मिळावं म्हणून त्या वर्गाची सम्राज्ञी मानली जाणारी मिसेस ॲस्टर हिलासुद्धा आधी व्हँडरबिल्टांकडे आपलं भेटकार्ड पाठवावं लागलं. मग न्यूपोर्टला समुद्रकाठी ‘मार्बल हाउस’ उठलं. १८८८ ते १८९२ बांधकाम, एक कोटी दहा लाख डॉलर खर्च, त्यातले सत्तर लाख नुसत्या संगमरवराचे.

आणि मुलीला वाढवलं ते याच घरांसारखं, नकाशा आखून. अभ्यासाला बसताना पाठीच्या कण्याला लोखंडी सळई बांधायची, एक पट्टा कमरेला, एक कपाळावरून. मान खाली जाऊ नये म्हणून. वाचायचं तर पुस्तक वर धरून. मार्बल हाउसमधल्या तिच्या खोलीत प्रत्येक वस्तू आईने ठेवलेली, स्वतःची म्हणून एकही चीज मांडायला परवानगी नाही.

तिचं मन विंथ्रॉप रदरफर्ड नावाच्या न्यूयॉर्कच्याच एका तरुणावर होतं. मार्च १८९५ मध्ये, तिच्या अठराव्या वाढदिवशी, सायकलवरून फिरताना बाकीच्यांना जरा मागे टाकून त्याने विचारलं आणि ती हो म्हणाली. आईला सुगावा लागला. लगोलग युरोपची बोट. त्याची पत्रं हिच्या हाती पडली नाहीत, हिची त्याच्यापर्यंत गेली नाहीत. परत आल्यावर मुलीने धीर करून सांगितलं, मला त्याच्याशीच लग्न करायचंय. रात्रभर आईचा संताप चालला. मी त्याला गोळी घालीन, मला फाशी होईल आणि त्याला जबाबदार तू असशील, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईची मैत्रीण निरोप घेऊन आली, तुझ्या हट्टापायी आईला हृदयविकाराचा झटका आलाय. मुलीने हात टेकले. (झटका खोटा होता.)

ड्यूक ऑगस्टअखेर न्यूपोर्टला आला, सप्टेंबरात त्याने मागणी घातली. घरात बातमी सांगितली तेव्हा तिचा अकरा वर्षांचा भाऊ हॅरल्ड सरळ म्हणाला, तो तुझ्या पैशांसाठी तुझ्याशी लग्न करतोय. एवढ्या मोठ्या घरात हे तोंडावर बोललं ते एका पोराने.

मी या लग्नाची जितकी वर्णनं वाचली त्यांत सगळं मोजलेलं आहे. फुलं, लेस, डॉलर, आहेर. मुलीला कुणी विचारलं का, हा प्रश्न कुणी अधिकाराने विचारला तो एकतीस वर्षांनी, १९२६ साली, रोमन कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयात. तिथे आल्वाने स्वतः सांगितलं की मी मुलीवर जबरदस्ती केली, माझी तिच्यावर पूर्ण सत्ता होती आणि मी तिला हुकूम केला. त्या साक्षीवर लग्न मुळात झालंच नव्हतं असा निकाल लागला. तोवर दोन मुलगे झाले होते, घटस्फोट झाला होता, दोघांची दुसरी लग्नंही झाली होती.

त्या साक्षीपाशी मी अडकले आहे. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल.

तांबडं_फुटलं
सोमवार, रात्री १०:२५

वाचून पोटात कालवलं. वडील काय करत होते? इतका पैसा ज्याचा, त्याला मुलीसाठी एक शब्द बोलता आला नाही?

सांजवात (धागाकर्ती)
सोमवार, रात्री १०:५०

@तांबडं_फुटलं, वडील विल्यम किसम व्हँडरबिल्ट. स्वभावाने मवाळ, घरात आईपुढे त्यांचं काही चालायचं नाही, असं मुलीनेच लिहिलंय. त्यातून मार्च १८९५ मध्येच आल्वाने त्यांच्यापासून घटस्फोट घेतला होता. त्या काळी त्या वर्गात घटस्फोटित बाईला लोक दारात उभं करत नसत. हे लग्न आल्वाला इतकं हवं होतं त्याचं एक कारण हेही आहे. मुलगी डचेस झाल्यावर आईला कोण टाळणार?

वडिलांना बोलावलं होतं ते मुलीला चर्चमध्ये नेऊन हात हातात द्यायला आणि कागदांवर सही करायला. व्हँडरबिल्टांकडच्या बाकी नातेवाइकांना आमंत्रण नव्हतं. चुलत्या-आत्यांनी पाठवलेले आहेर मुलीला परत करायला लावले.

आडवाट
मंगळवार, सकाळी ७:१५

सुंदर लिहिलंय. पैशांची बाजू मांडतो, कारण ती कळल्याशिवाय ड्यूक नुसता लोभी माणूस वाटतो आणि चित्र अर्धं राहतं.

ठरलं ते असं. बीच क्रीक रेल्वे कंपनीचे पंचवीस लाख डॉलर किमतीचे पन्नास हजार शेअर, त्यांवर किमान चार टक्के, आणि त्या चार टक्क्यांची हमी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची. म्हणजे वर्षाला एक लाख डॉलर कायमचे. शिवाय नवरा-बायको दोघांनाही हयातभर प्रत्येकी वर्षाला एक लाख. आपण याला हुंडा म्हणून मोकळे होऊ, पण आपल्या हुंड्यासारखी ही रक्कम सासऱ्याच्या हातात जात नाही. वकील बसून करारनामा करतात, मूळ रक्कम विश्वस्तांकडे राहते, नवऱ्याला उत्पन्न मिळतं. १८८२ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये विवाहितेची मालमत्ता तिची स्वतःची राहू लागली होती, त्यामुळे ड्यूकच्या वकिलांना लग्नाआधीच सगळं कागदावर हवं होतं.

आता ड्यूकला पैसा का लागला? ब्लेनिमचं उत्पन्न शेतजमिनीच्या खंडावर. १८७० नंतर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरचा गहू रेल्वेने बंदराला आणि आगबोटीने इंग्लंडला येऊ लागला. आपल्याकडचा गहूही मुंबई-कराचीहून तिकडे जात होता. इंग्लंडात १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका क्वार्टरला (धान्याचं तिकडचं माप) पन्नास शिलिंगांच्या वर असलेला गव्हाचा भाव १८९४ मध्ये तेवीस शिलिंगांच्याही खाली आला. कुळांना खंड परवडेना, जमीनदार कर्जात. या ड्यूकच्या आजोबांनी १८८१ ते १८८३ मध्ये वाड्यातलं प्रसिद्ध ग्रंथालय विकून टाकलं. वडिलांनी १८८५ मध्ये राफाएलचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला सत्तर हजार पौंडांना विकलं. भिंतींवरून चित्रं उतरत होती, अक्षरशः.

आणि तो गहू किनाऱ्याला आणणाऱ्या रेल्वेमार्गांत व्हँडरबिल्टांचा न्यूयॉर्क सेंट्रल अगदी पुढे. ज्या रेल्वेने ब्लेनिमचा खंड बुडवला, तिच्याच शेअरवर ब्लेनिमची डागडुजी झाली. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

अवांतर: हा ड्यूक जन्मला सिमल्याला, १८७१ मध्ये. आणि त्याचं बालपण ज्या प्रकरणाने नासलं त्याचा एक धागाही इकडून जातो. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, त्याच्या लवाजम्यात लॉर्ड एल्सफर्ड होता. तो इकडे शिकारीच्या छावण्यांत असताना तिकडे त्याची बायको या ड्यूकच्या वडिलांबरोबर घर सोडून निघाली, आणि तसं कळवणारं पत्र त्याला हिंदुस्थानात मिळालं. पुढे ड्यूकच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा पोरगा अकराएक वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर वडील गेले आणि तो प्रचंड वाडा त्याच्या डोक्यावर आला. त्याचंही कुणावर तरी प्रेम होतं. लग्नानंतर लगेचच त्याने कॉन्सुएलोला सांगून टाकलं की तुझ्याशी लग्न करण्यासाठी मी तिला सोडलं. हे बायकोला सांगणं क्रूर होतं. पण बळी दोन होते, असं माझं मत आहे.

पाणवठा
मंगळवार, सकाळी ९:०५

आडवाट, पैशांचा भाग फार छान उलगडलात. ‘बळी दोन होते’ हे मात्र पटत नाही. ड्यूकच्या दाराबाहेर कुणी नोकर उभा केला नव्हता. वाडा विकता येत नसेल, पण लग्नाला नाही म्हणता येत होतं. त्याने वाडा निवडला. तिला निवडायलाच दिलं नाही.

आडवाट
मंगळवार, सकाळी ९:४०

@पाणवठा, मान्य. दोघांची तुलना एका मापाने होणार नाही. शब्द मागे घेतो.

हडसनकाठ
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मी न्यू जर्सीत राहतो. हा धागा वाचून आज जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम सेंट थॉमसला जाऊन आलो, ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. आत्ताची इमारत मात्र लग्नाची नाही. ते चर्च १९०५ मध्ये जळालं, आत्ताचं १९१३ मध्ये उभं राहिलं. नव्या इमारतीत नवऱ्यामुलीसाठी वेगळं दार आहे, आणि त्यावरच्या नक्षीत घडवणाऱ्याने डॉलरची खूण गुपचूप कोरली होती अशी आठवण सांगतात. मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत शोधली, मला दिसली नाही.

न्यूपोर्टला काही वर्षांपूर्वी घरच्यांना घेऊन गेलो होतो. मार्बल हाउसमध्ये खालच्या मजल्यावर गॉथिक रूम आहे. तिथेच ड्यूकने मागणी घातली. बाहेर लख्ख ऊन, समुद्र समोर, आणि त्या खोलीत रंगीत काचांमधून येणारा काळोखा उजेड. काळं लाकूड, मध्ययुगीन वस्तूंची कपाटं. बायको माझ्या कानात म्हणाली, इथे कुणी ‘नाही’ म्हणूच शकणार नाही. तेव्हा आम्हाला ही कथा निम्मीच माहीत होती.

वरच्या मजल्यावरची कॉन्सुएलोची खोलीही पाहिली. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती त्या खोलीत फार वेळ थांबली नाही.

मोगरीचा_वेल
मंगळवार, रात्री ८:२०

मी सहसा नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझी पणजी साधारण याच काळातली, रत्नागिरीकडची. नवव्या वर्षी बोहल्यावर चढवली. ती सांगायची की लग्नाच्या दिवशी आपल्याला काय ते कळलंच नव्हतं, नव्या परकराचं कौतुक तेवढं होतं. सासरी गेल्यावर कळलं. इथवर तुम्हा सगळ्यांच्या घरी अशी एखादी पणजी असेल.

पण तिने पुढे आपल्या धाकट्या मुलीचं, म्हणजे माझ्या आजीच्या बहिणीचं लग्न ठरवलं तेव्हा ती मुलगी सतरा वर्षांची होती, शाळेत हुशार होती, आणि तिने नको म्हणून दोन दिवस अन्न सोडलं होतं. पणजीने ऐकलं नाही. चांगलं स्थळ होतं, मोठा वाडा होता, मुलीचं कल्याण होईल असं तिला मनापासून वाटत होतं. ती मावशीआजी पुढे आयुष्यभर आईशी नीट बोलली नाही. पणजी शेवटच्या आजारात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, असं माझी आजी सांगायची: “तिला एकदा विचारायला हवं होतं गं.” मावशीआजी तेव्हा तिथे नव्हती. तिच्यापर्यंत ते कधी पोचलं की नाही, मला ठाऊक नाही.

सांजवात, तुम्ही साक्षीपाशी अडकलात असं लिहिलंत, ते मला कळलं.

तांबडं_फुटलं
मंगळवार, रात्री ८:४५

मोगरीचा_वेल, तुमचा हात हातात घ्यावासा वाटला.

चौकट
बुधवार, दुपारी १२:१०

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून एक अडचण स्पष्ट मांडते. मी वकिली करते, पुराव्याकडे बघायची सवय आहे.

आपण जे जे वाचतोय ते मुख्यतः दोन ठिकाणाहून येतं. एक, कॉन्सुएलोचं आत्मचरित्र, जे तिने पंच्याहत्तरीच्या आसपास लिहिलं. दोन, १९२६ ची साक्ष. आता कॅथलिक धर्मकायद्यात घटस्फोट नाही. लग्न मुळातच अवैध होतं असं ठरवून घ्यायला जी मोजकी कारणं चालतात त्यांत बळजबरी आणि भय हे एक. ड्यूकला कॅथलिक व्हायचं होतं, पुढे तो झालाही. कॉन्सुएलोचा दुसरा नवरा, जाक बाल्सान, कॅथलिक घराण्यातला फ्रेंच माणूस, आणि चर्चने मान्य केल्याशिवाय ते घर तिला सून मानायला तयार नव्हतं. म्हणजे बळजबरी झाली होती असं सिद्ध होणं वादी-प्रतिवादी दोघांच्याही सोयीचं. जिथे विरोधी बाजूच उभी राहत नाही, तिथली साक्ष मी जपूनच वाचते.

बळजबरी झाली नाही असं मी म्हणत नाहीये. पण ‘फाशी’ आणि ‘गोळी’ हे शब्द जसेच्या तसे बोलले गेले असतील, असं छातीठोक सांगता येणार नाही.

सांजवात (धागाकर्ती)
बुधवार, रात्री १०:०५

@चौकट, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. दिवसभर यावर विचार करत होते.

शब्दांबद्दल तुमचं म्हणणं मानते. गोळी, फाशी, खोटा झटका हे सारं मी घडलं तसं लिहून गेले. ‘तिने लिहिलं आहे’ असं म्हणायला हवं होतं.

साक्षीबद्दल मात्र माझं मत बदललं नाही, आणि कारण आल्वा आहे. १९२६ साली ती त्र्याहत्तर वर्षांची होती. दुसरा नवरा ऑलिव्हर बेल्मॉन्ट १९०८ मध्ये वारल्यावर तिने पैसा, वेळ, तो सगळा हट्ट बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लावला होता. १९०९ मध्ये स्वतःची संघटना काढली, पुढे नॅशनल वुमन्स पार्टीची अध्यक्ष झाली. बायकांना स्वतःचा निर्णय स्वतः घेता आला पाहिजे, हे ती पंधरा-सतरा वर्षं व्यासपीठावरून सांगत होती. अशा बाईने ‘मी माझ्या पोटच्या मुलीला निर्णय घेऊ दिला नाही’ असं शपथेवर सांगायचं, आणि ते वर्तमानपत्रांत छापून येणार हे माहीत असताना सांगायचं. ते छापून आलंच, त्यावर धर्मगुरूंमध्ये वादही पेटला. मुलीची सोय झाली खरी. आईची काय सोय झाली? तिची तर नाचक्की झाली.

तिने ते लेकीसाठी केलं असं मला वाटतं. हे पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

पाणवठा
गुरुवार, सकाळी ८:३०

मला यात रखमाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. जुळवून आणत नाहीये, काळच एक आहे.

मुंबईत रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. वयात आल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. माझ्या संमतीशिवाय, अजाण वयात झालेलं लग्न मला बांधू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं. दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, १८९४ मध्ये शिक्षण पुरं झालं, परत आल्या आणि पुढे सुरतेत वर्षानुवर्षं बायकांचं रुग्णालय चालवलं.

म्हणजे न्यूयॉर्कमधली जगातल्या सगळ्यांत श्रीमंत घरातली मुलगी ज्या वर्षी रडत चर्चमध्ये गेली, त्या वर्षी आपल्या गिरगावातली मुलगी तोच प्रश्न न्यायालयात भांडून डॉक्टर होऊन बसली होती. आणि तेव्हा ‘केसरी’सकट कितीतरी जण रखमाबाईंच्या विरोधात होते, हेही विसरू नये.

फरकही सांगते. रखमाबाईंच्या पाठीशी सावत्र वडील होते, डॉ. सखाराम अर्जुन. शिकवणारं, ऐकून घेणारं घर होतं. कॉन्सुएलोला भाषा तीन-तीन येत होत्या, पण घरात एक माणूस तिच्या बाजूने बोलणारं नव्हतं. त्या अकरा वर्षांच्या भावाखेरीज.

चौकट
गुरुवार, सकाळी ११:००

@सांजवात, आल्वाच्या हितसंबंधाचा मुद्दा पटला. स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या कबुलीला कायद्यातही वजन असतं.

@पाणवठा, रखमाबाईंच्या खटल्यात एक बारकावा. दाव्याचं नाव होतं ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’, आणि हा प्रकार हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता, इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इथे आला होता. पिन्हींनी नेमकं त्यावर बोट ठेवलं होतं. म्हणजे जी इंग्रज व्यवस्था आपल्याला सुधारायला आली होती, तिचंच हत्यार या मुलीवर चाललं.

आडवाट
गुरुवार, दुपारी २:२०

हिंदुस्थानशी आणखी एक दुवा देतो. त्याच १८९५ मध्ये, २२ एप्रिलला, वॉशिंग्टनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये मेरी लायटरचं लग्न झालं. शिकागोच्या कोट्यधीश व्यापाऱ्याची मुलगी, नवरा जॉर्ज कर्झन. होय, तेच. १८९९ पासून ती आपली व्हाइसरीन. तिची गोष्ट अगदी वेगळी, ती कर्झनच्या प्रेमात होती आणि त्याच्यासाठी काही वर्षं थांबली होती. अमेरिकन पैसा आणि इंग्रज पदवी अशी लग्नं त्या वर्षी एकापाठोपाठ झाली, पण सगळ्या मुली रडत गेल्या नव्हत्या.

१ जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबाराला या दोघी एकत्र होत्या. मार्लबरोचे ड्यूक-डचेस कर्झनचे पाहुणे म्हणून आले होते. मेरीचा तो मोरपिसांच्या जरीकामाचा झगा तेव्हाचाच. जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसची.

हडसनकाठ
गुरुवार, संध्याकाळी ७:१५

ब्लेनिमला चित्रकार सार्जंटने काढलेलं या कुटुंबाचं भव्य चित्र आहे, १९०५ चं. ड्यूक, डचेस, दोन मुलगे, कुत्री. ती नवऱ्याहून उंच होती, आणि चित्रात तर पायरीवर उभी आहे. पुढच्याच वर्षी दोघं वेगळे झाले. मी ते छायाचित्रांतच पाहिलंय, पण तिची ती सरळ मान बघितली की आता सळई आठवणार.

मोगरीचा_वेल
गुरुवार, रात्री ९:००

मला एवढंच सांगा, आई-लेकीचं पुढे जमलं का?

सांजवात (धागाकर्ती)
गुरुवार, रात्री ११:३०

@मोगरीचा_वेल, जमलं. वेळ लागला, पण जमलं.

ब्लेनिममध्ये आधी काय वाट्याला आलं ते सांगते. ड्यूकच्या आजीने पहिल्याच भेटीत बजावलं, तुझं पहिलं काम मुलगा देणं, नाहीतर तो विन्स्टन ड्यूक होऊन बसेल. विन्स्टन म्हणजे चर्चिल, ड्यूकचा चुलत भाऊ. कॉन्सुएलोला १८९७ आणि १८९८ मध्ये दोन मुलगे झाले. विन्स्टनशी तिची पुढे जन्मभराची मैत्री राहिली.

१९०६ मध्ये वेगळी झाल्यावर ती लंडनमध्ये कामाला लागली. तुरुंगात गेलेल्या माणसांच्या बायकांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी. १९१७ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलची सदस्य झाली. १९२१ मध्ये बाल्सानशी लग्न केलं, आणि ते तिने स्वतः ठरवलेलं होतं.

आणि तुम्ही विचारलंत ते. जुलै १९१४ मध्ये आल्वाने मार्बल हाउसमध्ये बायकांची मोठी परिषद भरवली. मतदानाचा हक्क, कामगार मुली, तुरुंगातल्या बायका, असे विषय. त्या परिषदेची पाहुणी म्हणून कॉन्सुएलो इंग्लंडहून आली आणि बोलली. त्याच घरात, आईच्या शेजारी उभी राहून. चहाच्या कपबश्यांवर आल्वाने निळ्या अक्षरांत ‘बायकांना मत’ असं छापून घेतलं होतं.

पुढे आल्वा फ्रान्सला लेकीच्या जवळ राहायला गेली, १९३३ मध्ये तिथेच वारली. अंत्यविधी न्यूयॉर्कला, सेंट थॉमसलाच झाला.

तुमच्या मावशीआजींना ते वाक्य पोचलं असावं, असं मला फार वाटतंय.

हडसनकाठ
शुक्रवार, सकाळी ७:४५

त्या कपबश्यांच्या हुबेहूब प्रती न्यूपोर्टला विकत मिळतात. आम्ही तेव्हा एक कप आणला होता, नुसता देखणा दिसला म्हणून. गेली काही वर्षं त्यात मुलीच्या पेन्सिली आहेत. काल रात्री तिला ही सगळी गोष्ट सांगितली. आता ती चौदा वर्षांची आहे. तिने पेन्सिली काढल्या, कप धुतला आणि आज सकाळी त्यात दूध प्यायली.

मोगरीचा_वेल
शुक्रवार, सकाळी ८:१०

तिला माझा आशीर्वाद सांगा.